किंमत न विचारणारं गिऱ्हाईक

३ जानेवारी

ही डायरी गिऱ्हाइकांना फुकट वाटायला आली होती. वाटायला गिऱ्हाईक तर हवं! गठ्ठेच्या गठ्ठे पडून आहेत, म्हणून एक मीच उचलली. म्हणजे नवीन वर्षातलं पहिलं गिऱ्हाईक मीच. बोहनी झाली म्हणायची.

लिहायचं काय, हा प्रश्नच आहे. दुकानात आता आम्ही दोघंच. मी, आणि कॅश काउंटरवरची ताई. ताई माझ्याहून बरीच लहान, पण सगळे तिला ताईच म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. सगळे म्हणजे फ्रिजवाला, एसीवाला, मोबाइल विभागातली पोरं. एकेक करून गेले. जागा मात्र तेवढीच राहिली. दुकान कसलं, मैदान आहे नुसतं. खिडकी एकही नाही. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय, हे आत येणाऱ्याच्या कपड्यांवरून ओळखायचं, आणि आत येतंय कोण?

मधोमध माझी टीव्हीची भिंत. वरून खालपर्यंत टीव्हीच टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच फिल्म. पिवळा पक्षी पंख फडफडवतो, संत्रं चिरतं, रस उडतो, कासव पोहत जातं, की पुन्हा पक्षी. मागे ती एक धून. कंपनीचा नियम असा की दुकानात चिटपाखरू नसलं तरी दिवे आणि टीव्ही बंद करायचे नाहीत. बंद दिसलं की लोकांना दुकान गेल्यासारखं वाटतं म्हणे. मग मी बसतो कासव बघत. काल जेवताना ती धून गुणगुणत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, घरी तरी बंद करा ते संत्रं."

७ जानेवारी

एक जोडपं आलं. दोघांना सोफ्यावर बसवलं, लांबून बसवलं, जवळून बसवलं, बाजूने बसवलं. काळा रंग खरा काळा कसा ओळखायचा, खेळ बघायला कुठला घ्यावा, सिनेमाला कुठला, सगळं सांगितलं. घसा कोरडा पडला पण मजा आली. बऱ्याच दिवसांनी तोंड चाललं होतं. त्या माणसाने मॉडेल नंबरचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे, माझ्याच सोफ्यावर बसून, फोनवरून ऑर्डर केला. वर मलाच विचारतो, "काका, काळा स्टँड घेऊ की चंदेरी?"

मी सांगितलं, काळा. खोटं कशाला सांगू?

१० जानेवारी

वायर आला होता. वायर म्हणजे आमचा टीव्ही घरोघरी जाऊन बसवून द्यायचा तो. अंगकाठीवरून पडलेलं नाव. मला तो रेडिओ म्हणतो, कारण मी सुरू झालो की कुणाच्या बापाला बंद होत नाही. त्याने स्वतःचं छोटं दुकान काढलंय, गल्लीतलं. बिघडलेले टीव्ही दुरुस्त करायचे, लोकांनी ऑनलाइन मागवलेले भिंतीवर बसवून द्यायचे, आणि घेण्याआधी कुणाला विचारायचं असेल तर सांगायचं.

म्हणाला, "रेडिओ, माझे हात चालतात, तोंड चालत नाही. गिऱ्हाईक समोर आलं की माझी वाचाच बसते. तुझं तोंड पाहिजे मला. भागीत ये."

मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. "महिनाअखेरपर्यंत सांग. मला एकट्याने निभत नाही, दुसरं माणूस बघावंच लागेल."

घरी सांगितलं, तर बायकोने पोळपाटावरचे हातसुद्धा पुसले नाहीत, तशीच बाहेर आली. "मग? हो म्हणालात ना?"

म्हटलं, वीस वर्षं काढली तिथे. अशी पाठ फिरवता येते का?

"पाठ फिरवायला तिथे उरलंय कोण?" ती म्हणाली. बायकोला बोलायला काय जातं!

१४ जानेवारी

आज खरं गिऱ्हाईक आलं. लिहितानाही हात शिवशिवताहेत.

उंच गृहस्थ, कडक इस्त्री, बूट बघण्यासारखे. आत आले आणि आधी वर बघितलं. छताकडे. मग सावकाश पावलं टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मी म्हटलं, "या साहेब, कितीचा बघायचा?" तर म्हणाले, "छताची उंची किती असेल हो इथे?"

आता हे कुणाला कळणार नाही, पण या धंद्यात मुरलेल्याला लगेच कळतं. आमचा साधा नियम आहे. आल्या आल्या किंमत विचारतो तो टाइमपास. ऑफर काय आहे म्हणतो तो फोनवर घेणार. आणि किंमत विचारतच नाही, जागेचं विचारतो, तो घेणार. नुसता घेणार नाही, मोठा घेणार. यांच्या घरी हॉल मोठा असणार, म्हणून उंचीचा अंदाज घेतायत. मी त्यांना उंची सांगितली. मग विचारतात, मागचा दरवाजा कुठे उघडतो, मोठी गाडी थेट दाराला लागते का. आता सांगा! भिंतभर टीव्ही असल्याशिवाय माणूस गाडीची चिंता करेल का? मी स्वतः नेऊन मागचा दरवाजा दाखवला, मालाची लिफ्ट चालवून दाखवली. फार खूश झाले.

मी त्यांचं नाव बंगलेवाले ठेवलंय.

वरच्या साहेबांना फोन करून सांगितलं. वरचे साहेब म्हणजे मुख्य ऑफिसचे, महिनोन्महिने इकडे फिरकलेले नाहीत. म्हणाले, "हो का? चांगलंय, चांगलंय. त्यांना सगळं दाखवा. काही लपवू नका." मी म्हटलं, एवढी मोठी ऑर्डर झाली तर नवीन माल पाठवाल ना? म्हणाले, "बघू या आपण."

म्हणजे हो.

१७ जानेवारी

शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. "तुमचं पार्सल आलंय हो पुन्हा." पुन्हा? वर जाऊन बघतो तर त्यांच्या दारामागे आमच्या नावाचा खोका. मिक्सर! माझ्या घरात ऑनलाइन मिक्सर! आणि कधीपासून कोण जाणे, पार्सलं काकूंच्या घरी उतरताहेत, माझ्या डोळ्यांना दिसू नयेत म्हणून.

मी चिडलो. बायको शांतपणे म्हणाली, "तुमच्या दुकानात मिक्सर आहे का एक तरी? सांगा."

नाहीये. मिक्सरचा रॅक रिकामाच आहे. तिथे आम्ही न वाटलेल्या डायऱ्या रचल्यात. पण ही चोरून मागवते, ते मला लागलं. आणि माझ्यासाठीच चोरून मागवते, ते जास्त लागलं. चटणी मात्र बारीक झाली होती, हे कबूल केलं पाहिजे.

२० जानेवारी

बंगलेवाले पुन्हा. सोबत दोन माणसं. एकाने बुटाच्या टाचेने फरशी ठोकून बघितली, दुसऱ्याने विजेचा बोर्ड उघडायला लावला आणि लोड किती पेलतो ते विचारलं. आर्किटेक्ट आणि इलेक्ट्रिशियन बरोबर आणले म्हणजे होम थिएटरच करताहेत, नक्की. हल्ली श्रीमंत लोक घरातही दुकानासारखी फरशी करून घेतात, त्यामुळे नमुना म्हणून बघत असतील. हौसेला मोल नसतं काही जणांच्या.

जाताना विचारलं, "तुम्ही किती वर्षं आहात इथे?" सांगितलं. "म्हणजे इथलं सगळं तुम्हाला पाठ." मी म्हटलं, साहेब, डोळे बांधा आणि म्हणाल ते बटण लावून दाखवतो.

ते गेल्यावर ताई म्हणाली, "एक विचारू? त्यांनी एकदा तरी टीव्हीकडे बघितलं का?"

"तू कॅश सांभाळ," मी म्हटलं.

"कुठली कॅश?" ती म्हणाली.

तोंडाळ आहे. पण दुपारभर तिचा प्रश्न कानाशी गुणगुणत राहिला. त्यांनी बघितलं असेल की. मी लिफ्ट चालवत होतो तेव्हा बघितलं असेल.

२३ जानेवारी

लेक आज शिकायला दुसऱ्या गावी गेली. सकाळची गाडी होती.

दुकानाच्या चाव्या माझ्याकडे असतात. पूर्वी तिघांकडे असायच्या. दोघं गेले, जुडगे माझ्याकडे जमा झाले. कुलूप वेळेत उघडलं नाही तर मुख्य ऑफिसात आपोआप कळतं. ताईने काल सांगून ठेवलं होतं, "चाव्या माझ्याकडे द्या, मी उघडते. तुम्ही पोरीला सोडून या." मी म्हटलं बघतो. रात्रभर बघितलंच. पण बंगलेवाले सकाळी येऊन गेले आणि मी नसलो तर? ताईला काय कळतंय त्यांना काय सांगायचं ते.

निघताना लेकीने पाया न पडता मिठीच मारली. "बाबा, तुमचं दुकान पळून नाही जात हो कुठे." मग बायको आणि ती रिक्षात बसल्या.

मी दुकान उघडलं. दिवसभर कुणीही आलं नाही. पक्षी, संत्रं, कासव. एकदा असं वाटलं की सरळ मेन स्विच खाली ओढावा आणि अंधारात गप्प बसावं. श्वास घ्यायला बाहेर फूटपाथवर जाऊन उभा राहिलो, तर आतून दार आपोआप उघडझाप करत होतं, मी दाराच्या फार जवळ उभा होतो म्हणून. परत आत आलो.

२७ जानेवारी

ऑनलाइन टीव्ही घेतलेला तो सोफ्यावरचा माणूस आला. स्टँड बसत नव्हता म्हणून विचारायला! म्हणजे निर्लज्जपणाची कमाल झाली. त्याला बसवून, आमच्या टीव्हीचा स्टँड काढून पुन्हा लावून दाखवला. स्क्रू उलटे घातले होते लेकाने. "काका, तुमच्यासारखं कुणी सांगत नाही," म्हणाला. बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

३० जानेवारी

बंगलेवाल्यांचा फोन. स्वतःहून! "एक तारखेला येतो, फायनल करून टाकू." वरचे साहेबही त्या दिवशी येणार आहेत. वरचे साहेब माझ्या एका ऑर्डरसाठी येताहेत!

संध्याकाळी वायरकडे गेलो. त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, टीव्हीच टीव्ही, सगळे पोट फाडलेले. एक आजोबा रिमोट कुठला घ्यावा विचारत होते आणि वायर नुसता मान हलवत होता. मला राहवलं नाही. दोन मिनिटांत आजोबांना रिमोट दिला, वर चॅनेल लावायला शिकवलं. आजोबा हसत गेले. दुकानाला खिडकी आहे. समोर एक झाड दिसतं.

"हे बघ," वायर म्हणाला. "हेच म्हणतोय मी."

मी त्याला सांगितलं, एक तारखेला माझी मोठी ऑर्डर आहे, त्यानंतर दुकान सावरेल. तो स्क्रू चाळू लागला. "तो माणूस नक्की काय घेतोय रे?" मी म्हटलं, अजून मॉडेल ठरलं नाही. "साइज?" म्हटलं, तेही नाही.

"रेडिओ," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "बरं. मग मी ताईला विचारतो. तिने मागेच सांगितलंय, ते आले तर मी नाही, ते नाही आले तर मी येईन."

म्हणजे ताईला सगळं माहीत होतं, आणि ती माझ्यासाठी थांबून होती. मी चहा अर्धा टाकून उठलो. घरी येऊन बायकोला म्हटलं, नाही सांगून आलो. तिने ताट वाढलं आणि आत निघून गेली. ती अशी गेली की मला भीती वाटते.

१ फेब्रुवारी

सकाळी लवकर जाऊन सगळी भिंत पुसली. टाय लावला. सोफा बरोबर दहा फुटांवर ओढला. सगळ्यात मोठ्या सेटवर ती फिल्म बंद करून माझ्या पेटीतली चांगली फिल्म लावली, डोंगर आणि बर्फ.

दोघं एकत्रच आले, बंगलेवाले आणि वरचे साहेब. हातात कागद. मी कुणाला बोलूच दिलं नाही. "आधी बसा साहेब, आधी बघा." बंगलेवाल्यांनी वरच्या साहेबांकडे बघितलं, वरच्या साहेबांनी फोनमध्ये. मग ते बसले बिचारे. मी सुरू झालो. बर्फातला पांढरा बघा, सावलीतला पांढरा बघा, दोन्ही वेगळे दिसतात की नाही? इथून बघा, आता तिथून. आवाज ऐका, डोळे मिटून ऐका. त्यांनी डोळे मिटलेसुद्धा. आयुष्यात एवढं चांगलं मी कधी बोललो नसेन.

संपलं. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फार छान समजावता हो तुम्ही." मग भिंतीकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं. "ही भिंत उद्याच्या उद्या उतरवता येईल का? आमचे रॅक इथूनच सुरू होतात."

त्यांची कंपनी पार्सलांची आहे. ऑनलाइनवाल्यांचा माल इथे येणार, इथून वाटला जाणार. छत, लिफ्ट, मागचा दरवाजा, विजेचा लोड. सगळं मीच दाखवलं होतं. काही लपवलं नव्हतं.

रिमोट हातातच होता. काय करावं सुचेना म्हणून आवाज कमी केला.

मग मी जुडगा काढून टेबलावर ठेवला. बंगलेवाल्यांनी तो उचलून माझ्या हातात परत दिला. "चाव्या तुमच्याकडेच राहू द्या. दारं तुम्हालाच माहीत आहेत. मागच्या गेटवर माणूस लागणारच आहे आम्हाला. थांबाल ना?"

तोंडातून "हो साहेब" निघून गेलं. मी विचार केलाच नाही. वीस वर्षांची सवय, समोरचा विचारतो आणि आपण हो म्हणतो.

ताईने स्वतःची पाण्याची बाटली, छत्री आणि खुर्चीवरची उशी उचलली. दारात थांबली. "अजून चला," म्हणाली. "दोघांना पुरेल इतकं काम आहे तिथे, मी सांगते वायरदादांना." मी म्हटलं, आता शब्द दिलाय.

"कुणाला?" तिने विचारलं.



९ फेब्रुवारी

टीव्ही उतरवले. भिंतीवर चौकोनी डाग राहिलेत, बाकीचा रंग मळलाय म्हणून. त्यापुढे रॅक उभे राहिले. धून बंद झाली. शांत वाटायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

मागच्या गेटवर बसतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन घ्यायचा, काचेच्या कपाटात ठेवायचा, कपाटाला कुलूप. पाळी सुटेपर्यंत कुणालाही द्यायचा नाही. माझाही त्यातच. आत काम करताना बोलायचं नाही, असा नियम आहे. चुका होतात म्हणे. सगळ्यांच्या कानांत काहीतरी घातलेलं. येताना मान हलवतात, जाताना मान हलवतात.

आज एक टीव्हीचा खोका आला, अवाढव्य. वरचा पत्ता बघितला, तर आमच्या मागच्या चाळवजा बिल्डिंगमधला. तिथली खोली मला माहीत आहे, समोरच्या भिंतीपर्यंत चार पावलं. डोळे फुटतील माणसाचे! मी आपसूक उठून म्हणालो, "अहो, एवढा मोठा नका घेऊ, लहान घ्या." खोक्याला म्हणालो. गाडीवाल्याने वळून बघितलं. मी खोका आत ढकलला.

२० फेब्रुवारी

बायको म्हणाली, "अहो, काहीतरी बोला ना." मी म्हटलं, काय बोलू? "पूर्वी जेवताना ताटातला घास गार व्हायचा तुमच्या बोलण्यात. मी कंटाळायचे. आता बोला ना."

मी खूप आठवून बघितलं. दिवसभरात झालेलं एकही बोलणं आठवेना.

२४ फेब्रुवारी

सकाळी निघताना बायकोने दारात अडवलं. ताईचा फोन आला होता तिला. वायरचा पसारा वाढलाय, दोघांना आवरत नाही. त्याने एक माणूस बघितलाय, पण आधी मला विचारणार. दुपारी फोन करेल. "एकदाच करेन म्हणालेत भाऊजी. नाही उचललात तर त्या माणसाला होकार देणार. अहो, उचला हं. माझ्यासाठी उचला."

म्हटलं, उचलतो. फोन कपाटात असतो, हे सांगितलं नाही.

दुपारी फोन आला. काचेच्या कपाटात, इतर फोनांच्या मध्ये. आवाज येत नव्हता, नुसता उजेड पडला आणि फोन थरथरत थोडा सरकला. काचेतून नाव स्वच्छ दिसत होतं. वायर. आजूबाजूला कुणी नव्हतं. गेट बंद होतं, गाडी यायची होती. कपाटाची चावी जुडग्यात, जुडगा माझ्या खिशात. मी खिशात हात घातला. चावी बोटांत धरली, तीच, बरोबर तीच, अंधारातही ओळखेन.

वाटलं, पाळी सुटेपर्यंत उघडायचं नाही. वाटलं, कळलं तर काय म्हणतील. कोण म्हणणार, हे काही वाटलं नाही. फोन सरकत सरकत काचेला टेकला आणि उजेड गेला.

मग गाडी आली, मी गेट उघडलं.

घरी आलो तर तिने दार उघडूनच ठेवलं होतं. नवीन मिक्सरमध्ये काहीतरी वाटत होती. मला बघून तो बंद केला, आवाजात माझं बोलणं ऐकू येणार नाही म्हणून. "आला होता का फोन?"

मी चाव्या खुंटीला लावल्या.

"नाही आला," मी म्हटलं.